उभ्या गाडीची बॅटरी

१

चालत्या गाडीपेक्षा उभी गाडी जास्त छळते, हे मी गेली तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय. कोणी मनावर घेत नाही. लोकांना वाटतं, गाडी वापरली नाही म्हणजे झिजली नाही. अरे बाबा, ती उभ्या जागी करंट खात असते. तिचं घड्याळ चालू, अलार्म चालू, चावी जवळ आली का याकडे कान लावून बसलेला तिचा कॉम्प्युटर चालू. ट्रक सहा महिने उभा राहिला तरी एका धक्क्यात सुरू होईल. स्पोर्ट्स कार दीड महिन्यात मान टाकते.

माझा धंदा गाड्यांच्या वायरिंगचा आणि बॅटऱ्यांचा. त्यातून दादाची गाडी म्हणजे कळस होता. इंजिन मागे, बॅटरी पुढच्या बॉनेटखाली, आणि बॉनेटचं कुलूप विजेवर. बॅटरी मेली की बॉनेट उघडत नाही आणि बॉनेट उघडल्याशिवाय बॅटरीला हात लागत नाही. ज्याने हे डोकं चालवलं तो भेटला तर त्याला चहा पाजून चार शब्द सुनावायचे आहेत. दारांचे हँडलही तसेच नखरेल. एरवी पत्र्यात सपाट बसलेले. चावी खिशात घेऊन कोणी जवळ आलं की आपसूक बाहेर येतात.

म्हणून मी पद्धत बसवून दिली होती. बॉनेटच्या कुलपावर फडकं घालून ठेवायचं, म्हणजे ते पूर्ण लागत नाही. बॅटरीला छोटा चार्जर कायम जोडलेला. भरली की त्याचा दिवा हिरवा, भरत असली की नारिंगी. चावी बिस्किटाच्या डब्यात घालून वरच्या मजल्यावर, गाडीपासून लांब, नाहीतर ती झोपतच नाही. दर मंगळवारी दुपारी चारला मी जायचो, दिवा बघायचो, टायरमधली हवा बघायचो, वहिनींच्या हातचा चहा घ्यायचो आणि निघायचो. अकरा महिन्यांत दिवा कधी हिरव्याशिवाय दिसला नव्हता.

२

गाडी माझ्या थोरल्या भावाची. पन्नाशी उलटल्यावर त्याने ती घेतली आणि तळघरातल्या गॅरेजमध्ये नव्या नवरीसारखी जपली. सहा फुटांच्या वर उंच माणूस. सीट पार मागे सारून, पाय लांब करून बसायचा. वहिनी जेमतेम त्याच्या खांद्याला लागायच्या. त्या बाजूच्या सीटवर बसल्या की सीट इतकी पुढे ओढून घ्यायच्या, की दादा म्हणायचा, "अगं, काचेला नाक लागेल."

अकरा महिन्यांपूर्वी दादा एकटाच गाडी घेऊन मोठ्या तलावावर गेला. कपडे काठावरच्या दगडावर नीट घडी करून ठेवले आणि पोहायला उतरला. फोन आणि गाडीची दुसरी चावी तो पोहताना पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून गळ्यात अडकवायचा. तो सापडला नाही. नऊ दिवस होड्या फिरल्या, पाणबुडे उतरले, काही मिळालं नाही.

नवी बॅटरी बसवूनही गाडी चालवत आणायचा मला धीर झाला नाही, म्हणून मी ती ओढून आणली. तिला सरळ धरायला कोणीतरी आत लागतं, म्हणून दोरीने ओढणाऱ्या गाडीवरचा एक माणूस स्टिअरिंगवर आणि बाजूच्या सीटवर मी. मला अवघडायला झालं म्हणून मी सीट पार मागे सरकवली होती. ती तशीच राहिली.

सगळे म्हणाले, विकून टाका. वहिनींच्या बहिणीने तर गिऱ्हाईकसुद्धा आणलं. वहिनी कोणावर ओरडल्या नाहीत. फक्त मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भावजी, ते आले आणि गाडी सुरू झाली नाही, तर त्यांना काय वाटेल?"

गाडी मरू द्यायची नाही, एवढं मी कबूल केलं. ते वहिनींसाठी केलं, असं मी सगळ्यांना सांगायचो.

३

त्या मंगळवारी मला दुपारी दुसरं काम होतं, म्हणून मी अकरालाच गेलो. तळघराचं शटर वर केलं, ट्यूब लावली, आणि दिवा नारिंगी.

मी आधी चार्जरवर संशय घेतला. चार्जर ठीक होता. मग बॅटरीवर घेतला. ती तर मीच बसवलेली, नवी. म्हणजे गाडी करंट खात होती. उभी, बंद, कुलूप लागलेली गाडी, आणि ती या क्षणी जागी होती. कान लावला तर डॅशबोर्डच्या मागे बारीकसा पंखा फिरत होता.

पुढच्या काचेवर दमटपणा धरला होता. मी फडक्याने पुसला, जाईना. दमटपणा आतून होता. तळघर म्हटलं की ओल असायचीच, असं मी मोठ्याने म्हणालो. तळघरात मी एकटाच होतो, त्यामुळे मोठ्याने म्हणायचं काही कारण नव्हतं.

"चहा टाकू का?" वरून वहिनींनी विचारलं.

"आज नको, घाईत आहे," मी म्हणालो. तसा मी घाईत नव्हतो.

४

मी मोजल्याशिवाय काही मानत नाही. बायको म्हणते, तुम्ही तापसुद्धा मीटरने बघाल. तर मी काडेपेटीएवढं एक रेकॉर्डर यंत्र आणलं. बॅटरीच्या दोन टोकांना त्याचे चिमटे लावायचे, ते दर मिनिटाला व्होल्ट लिहून ठेवतं. गाडी झोपलेली असली की रेषा सपाट. जागी झाली की खाली बुडते. आठवड्यानंतर मी ते दुकानात नेलं आणि कॉम्प्युटरला जोडलं.

सात दिवस, सात खड्डे. सगळे एका मापाचे. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी रेषा खाली, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी परत वर. रविवारीसुद्धा. एका मिनिटाचा फरक नाही.

दुकानात माणसं होती, बाहेर एक टेम्पो घुरघुरत होता. मी खुर्चीत बसून राहिलो.

आता सांगतो. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

दादा गेला त्या दिवशी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी त्याने दुकानाच्या फोनवर फोन केला होता. तलावाकाठी गाडी बंद करून गाणी ऐकत बसला आणि बॅटरी उतरली. जुनी झाली होती. मीच त्याला बदलून देणार होतो, आज-उद्या करत राहिलो होतो. तो हसत होता. म्हणाला, "बारक्या, तुझी पेशंट बेशुद्ध पडली. निघतोस का?" मला बारक्या म्हणणारा जगात तो एकटाच.

माझ्यापुढे एका ट्रकचा स्टार्टर उघडा पडला होता. मी म्हणालो, "थांब, आलोच."

वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता. ट्रक संपवला, मग एक रिक्षा आली, मग ओळखीचा एकजण आला. म्हटलं, दादा काय, गाणी ऐकत बसला असेल. गाणी बॅटरीवर चालतात आणि बॅटरी उतरली आहे, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. मी पोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. कपड्यांची घडी दगडावर होती. वाट बघून कंटाळला आणि पाण्यात उतरला.

सगळ्यांना मी सांगितलं, की त्याने मला आदल्या दिवशीच एकच्या सुमाराला यायला सांगून ठेवलं होतं. कोणी उलटा प्रश्न केला नाही.

५

तरी मी फाटे फोडून बघितले. शेजारच्या कुठल्या यंत्राची लहर, गाडीच्या कॉम्प्युटरमधली चूक, काहीही. सर्वांत सोपी शक्यता म्हणजे चावी. चावी जवळ आली की गाडी जागी होते. वहिनी रोज सकाळी डबा उघडून, चावी घेऊन खाली जात असतील. माणूस करतो असं. मी त्यांना विचारलं.

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. "मी तळघरात जात नाही. मला तिथे बघवत नाही."

त्यांनी डबा आणून दिला. चावीला मीच गुंडाळलेलं रबर तसंच होतं. मी डबा घेऊन गेलो आणि दुकानातल्या लोखंडी कपाटात ठेवला. पुढच्या आठवड्याला सात खड्डे, त्याच मापाचे.

गाडीच्या दोनच चाव्या होत्या.

त्या रेषेचा छापलेला कागद हातात घेऊन मी वहिनींच्या स्वयंपाकघरात उभा होतो. वहिनींनी तो माझ्याकडून घेतला. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या.

"दहा वाजून दहा," त्या म्हणाल्या. "ते साडेनऊला निघाले होते. म्हणजे दहाच्या आसपास पोचले असतील. आणि तुम्ही कितीला गेलात?"

"एक वाजून गेला होता."

"तुम्हाला त्यांनी एक वाजताच बोलावलं होतं ना?"

"हो."

"मग हे दहापासून कोणाची वाट बघताहेत?"

मी म्हणालो की वहिनी, हे मशीन आहे, मशीन कोणाची वाट बघत नाही. त्यांनी कागदाची घडी घातली आणि स्वतःकडे ठेवून घेतली. त्या दिवशी चहा त्यांनी दिला, पण त्या समोर बसल्या नाहीत.

६

शुक्रवारी मी पावणेदहालाच तळघरात जाऊन बसलो. प्लॅस्टिकचं स्टूल, हातात मीटर, बॉनेट अर्धं वर. लख्ख सकाळ होती. शटर मी मुद्दाम पूर्ण उघडं ठेवलं होतं. उतारावरून ऊन आत चाकांपर्यंत आलं होतं आणि रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. यात घाबरण्यासारखं काय होतं? वयाची पन्नाशी जवळ आलेला माणूस स्वतःच्या भावाच्या गाडीपाशी बसला होता.

दहा वाजून दहा मिनिटांनी गाडीत टक् असा आवाज झाला. मीटर खाली गेला. पंखा फिरायला लागला.

मग पुढची काच दमट व्हायला लागली. सगळी एकदम नाही. ड्रायव्हरच्या बाजूने सुरुवात झाली, थोडी थांबली, परत थोडी वाढली, परत थांबली. त्या थांबण्याला एक चाल होती. बंद गाडीत कोणी बराच वेळ बसलं की काच जशी धुरकट होते तशी ती झाली.

आणि त्या धुरकट काचेवर, बऱ्याच उंचावर, तळहाताएवढी जागा स्वच्छ झाली. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. आलंय का कोणी, हे बघायला आपण पुसतो तशी.

मी वाकून त्या जागेतून आत बघायला हवं होतं. मी वाकलो नाही.

"दादा," मी म्हणालो. मी उठून बाजूच्या दारापर्यंत आलो होतो. "दादा, आलो रे."

दाराचं हँडल बाहेर आलं. या गाडीत नेहमी आधी ड्रायव्हरच्या दाराचं येतं, मग दुसरं. ड्रायव्हरच्या दाराचं जागचं हललं नाही. फक्त बाजूच्या सीटच्या दाराचं आलं, माझ्या कमरेपासून वीतभर अंतरावर, आणि तसंच राहिलं.

भाऊ बोलावत होता आणि मला जायचं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण माझा हात हँडलकडे गेला नाही, खिशातल्या दहा नंबरच्या पान्याकडे गेला. बॉनेटखाली बॅटरीचे दोन नट. एरवी अर्ध्या मिनिटाचं काम, त्या दिवशी पाना चारदा निसटला. मी बॅटरी उपसून काढली. पंखा थांबला. हँडल बाहेरच राहिलं, आत जायला आता वीज नव्हती. मी बॅटरी छातीशी धरून उतार चढलो आणि मागे बघितलं नाही.

७

वहिनींना मी फोनवरच सांगितलं की बॅटरीत दोष आहे, दुकानात ठेवून बघतो.

"किती दिवस?"

"बघू."

"तोवर गाडी मेलेलीच राहणार," त्या म्हणाल्या.

बॅटरी कामाच्या टेबलावर ठेवली. गडबडीत रेकॉर्डरचे चिमटे तिला तसेच लागलेले राहिले होते. मी यंत्र कॉम्प्युटरला जोडून ठेवलं, नुसतं बरं वाटावं म्हणून. कारण आता बॅटरीला काही जोडलेलं नव्हतं. वायर नाही, गाडी नाही. करंट जायला वाट नाही. रेषा सपाट राहणार होती आणि मी सुटणार होतो.

शनिवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या डोळ्यांदेखत रेषा खाली बुडाली.

दोन मिनिटांनी दुकानाचा फोन वाजला. वहिनी होत्या. त्यांचा आवाज इतका मोकळा मी वर्षभरात ऐकला नव्हता.

"भावजी, मी खाली आलेय."

"कुठे खाली? वहिनी, वर जा."

"दाराचं हँडल बाहेर आहे. बसू का मी आत?"

"नाही! हात लावू नका. मी सांगतो तुम्हाला सगळं, तुम्ही वर जा आधी."

मागे पंखा फिरत असल्याचा बारीक आवाज येत होता.

"ते विचारताहेत," वहिनी म्हणाल्या, "बारक्या निघाला का?"

ते नाव वहिनींच्या तोंडी मी कधीच ऐकलं नव्हतं. दादा घरात सगळ्यांसमोर मला नावाने हाक मारायचा. बारक्या फक्त आम्हा दोघांतलं होतं.

"थांबा," मी म्हणालो. "आलोच."

शब्द तोंडातून गेल्यावर मला ते ऐकू आले.

८

या वेळी मी हातातलं काम टाकून धावलो. दुकान उघडं, पाना तसाच जमिनीवर. तरी सतरा मिनिटं लागली.

शटर वर होतं. वहिनींच्या चपला बाजूच्या सीटच्या दाराशी काढून ठेवल्या होत्या, एकीला एक लावून. दार बंद होतं. हँडल आत गेलं होतं, पत्र्यात सपाट. नखसुद्धा शिरत नव्हतं.

सगळ्या काचा आतून पांढऱ्या. पुढच्या काचेवर ड्रायव्हरच्या बाजूला वर ती तळहाताएवढी स्वच्छ जागा. आणि दुसऱ्या बाजूला, खूप खाली, तशीच आणखी एक. लहान. मी बघत होतो तेवढ्यात, हात फिरावा तशी ती आणखी थोडी मोठी झाली.

"वहिनी!"

जॅकची दांडी भिंतीशी होती. मी बाजूची काच फोडली. तुकडे आत सांडले, आतली हवा माझ्या तोंडावर आली. तलावाकाठी सकाळी येते तशी गार, ओली हवा. मी डोकं आत घातलं.

आत कोणी नव्हतं.

ड्रायव्हरची सीट पार मागे होती, दादाची असायची तशी. आणि बाजूची सीट, जी मी अकरा महिन्यांपूर्वी मागे ढकलली होती, ती पुढे आली होती. अगदी पुढे, काचेला नाक लागेल इतकी. या गाडीच्या सीटा विजेवर सरकतात. हाताने त्या हलत नाहीत, मी नंतर सगळा जोर लावून बघितलं. आणि बॅटरी माझ्या दुकानात टेबलावर होती.

९

वहिनींचा शोध सगळ्यांनी घेतला. तलावावरही माणसं गेली. मी त्यांच्या बहिणीला फोनचं सांगितलं, तलावावरच्या फोनपासून सगळं सांगितलं, आणि मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही तेव्हा वेळेवर गेला असतात तर?"

दादा आणि वहिनी गेले आणि दोन्ही वेळा मी "आलोच" म्हणालो होतो. रडू आलं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. मी त्याला म्हणालो, डोळ्यात ॲसिडची वाफ गेली.

बॅटरी अजून टेबलावर आहे. दहा वाजून दहा मिनिटांनी रेषा बुडते, ते बदललेलं नाही. पण आता ती एक वाजून दहाला वर येत नाही. मी तलावावर पोचलो होतो त्या वेळेला ती वर यायची. शुक्रवारी मी पोचलो आणि पळून आलो, तेव्हापासून त्यांच्या थांबण्याला शेवटच उरलेला नाही. संध्याकाळपर्यंत बॅटरी तळाला जाते. मी तिला चार्जरला लावतो. रोज. बॅटरी उतरल्यामुळे एकदा काय झालं ते मला माहीत आहे, परत उतरू देणार नाही.

परवा गाडी जाणार. वहिनींच्या बहिणीने ती फुटक्या काचेसकट विकली. न्यायला माणसं येणार आहेत.

म्हणून उद्या मी दुकान बंद ठेवतोय. पाटी लिहून लावली. बायकोला सांगितलंय, दादाच्या गाडीला बॅटरी बसवून येतो. तिने विचारलं, जेवायला येणार ना? मी म्हणालो, माझ्यासाठी थांबू नकोस.

रात्रभर चार्जरवर राहिली की सकाळी दिवा हिरवा होईल. दोन नट आवळायचे, बॉनेट या वेळी फडकं न घालता लावायचं, म्हणजे परत बॅटरी उपसून पळता येणार नाही, आणि दाराशी उभं राहायचं. गाडीत सीटा दोनच आहेत आणि त्या दोन्ही भरल्यात, हे मला कळतं. सरकून घेतील. लहानपणी दादा नेहमी घ्यायचा.

नऊला निघायचं ठरवलंय.